वर्णभेदावरची पहिली कादंबरी कोणती घ्यावी?

मिल्ड्रेड टेलर यांची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' घ्या. १९७६ ची आहे, पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी हे अमेरिकेतलं बालसाहित्याचं पदक मिळालं. मुलांची म्हणून बाजूला ठेवू नका. मोठ्यांनाही ती आतून हलवते.

काळ १९३३ चा, ठिकाण अमेरिकेच्या दक्षिणेतलं मिसिसिपी राज्य. नऊ वर्षांची कॅसी लोगन गोष्ट सांगते. पहिल्याच प्रकरणात तिचा धाकटा भाऊ लिटल मॅन, भारी टापटिपीचा पोरगा, शाळेत मिळालेलं मळकं पुस्तक उघडतो. आत एक तक्ता असतो: पुस्तक कधी दिलं, तेव्हा त्याची अवस्था कशी होती, मूल कोणत्या वंशाचं. वर्षानुवर्षं गोऱ्या मुलांनी वापरून 'अतिशय खराब' झाल्यावर ते काळ्या मुलांच्या वाट्याला आलेलं. एवढंसं पोर ते जमिनीवर आपटतं आणि त्यावर पाय आपटत राहतं. ही दोन-तीन पानं सावकाश वाचा. सगळी कादंबरी तिथंच आहे, असं मला वाटतं.

दुसरा धागा जमिनीचा. कापसाचे भाव पडलेत, म्हणून वडील लुइझियानात रेल्वेच्या कामावर जातात. कर आणि कर्जाचे हप्ते फिटावेत, जमीन राहावी म्हणून. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

संवाद दक्षिणेकडच्या बोलीत आहेत. अडलात तर मोठ्यानं वाचा, शब्दकोश नंतर उघडा. आवडली तर 'लेट द सर्कल बी अनब्रोकन' (१९८१) ही याच घराची पुढची गोष्ट आहे.