वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं: ओम्नीचं हेड घरी खोलावं का?

प्रश्न : माझ्याकडे 2009 ची ओम्नी आहे. केळीच्या बागेत मजुरांची ने-आण आणि घरचं लग्नकार्य, एवढाच तिचा वापर. महिनाभरापासून रेडिएटरचं पाणी कमी होतंय. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना काटा पार लालवर गेला. हेडच्या बाजूने ऑइलचा ओलावाही दिसतो. गावातला मिस्त्री म्हणतो, हेड पॅकिंग (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधली गॅस्केट) उडालं. ट्रॅक्टरची बरीचशी कामं मी स्वतः करतो, पाने घरात आहेत. हेड घरी उतरवून पॅकिंग बदललं तर चालेल का? की पाणी गळती बंद करायची पावडर टाकून बघू?
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर : भाऊ, पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. ऑइलचा ओलावा आणि पाणी कमी होणं या दोन तक्रारी आहेत, त्यांचं मूळ एकच असेल असं नाही. हेडच्या बाजूला दिसणारं ऑइल बहुतेक वेळा वरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून उतरतं. ते रबर वर्षानुवर्षं तापून कडक होतं, ऑइल भिंतीवरून ओघळतं आणि हेड-ब्लॉकच्या सांध्यावर येऊन थांबतं. बघणाऱ्याला वाटतं, हेडच गळतंय. थंड इंजिन डिझेलच्या चिंधीने पुसा, डिझेल पूर्ण वाळू द्या, मग वरून टाल्कम पावडर भुरभुरा आणि गावात एक चक्कर मारून या. पावडर जिथून भिजायला सुरुवात झाली, गळती तिथली. कव्हरपासून भिजली तर काम तासाभराचं आहे, हेडला हात लावायची गरज नाही.

आता पाणी. आमच्याकडे गिऱ्हाईक येऊन सांगतो, ‘गाडी पाणी पी ऱ्हायनी’. ती नेमकी कुठून पितेय ते शोधायचं. सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढा (गरम असताना अजिबात नाही, चेहरा भाजतो) आणि इंजिन चालू करा. पाण्यात बुडबुडे सतत येत राहिले, रेस दिल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. मग तिन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. दोन काळपट-तपकिरी आणि एक धुतल्यासारखा लख्ख निघाला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय. अशा वेळी गाडी एक किलोमीटरही चालवू नका, बेअरिंगं जातील. यातलं काहीच नसेल तर आधी होज पाइप, वॉटर पंप आणि रेडिएटरचे सांधे बघा. घाटात काटा चढला म्हणजे हेडच गेलं, असं समजू नका.

पॅकिंगच उडालंय हे नक्की झालं, तर हेड घरी उतरवता येतं. तुमचा हात ट्रॅक्टरवर बसलेला आहे, काम जमेल. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने आधी सीट काढावी लागते आणि जागा अडचणीची आहे, एवढंच. पहिल्यांदा बॅटरीचा निगेटिव्ह काढा, कारण पेट्रोलची लाइन सुटणार आहे. टायमिंग बेल्ट काढण्याआधी दोन्ही पुल्यांच्या खुणा जुळवून पांढऱ्या रंगाने ठसठशीत करून घ्या.

इंजिन रात्रभर गार होऊ द्या. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, आणि अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. गरम हेडचे बोल्ट सोडले की ते वाकडं होतं. बोल्ट सोडताना कडेकडून मध्याकडे या, एकदम नाही, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढा, भोकं पाडा आणि जो बोल्ट जिथला तो तिथेच खोचा.

खरी परीक्षा हेड बाकावर आल्यावर. पृष्ठभाग प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा. ग्राइंडरची चकती लावू नका, तिची कचर ऑइलमधून थेट बेअरिंगात जाते. मग सरळ लोखंडी पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या रेषांत धरून खालून फीलर गेजची 0.05 मिलिमीटरची पाती घालून बघा. वहीच्या कागदाच्या साधारण निम्म्या जाडीची असते ती. कुठेही सरकली तर हेड फेसिंगला, म्हणजे तळ सपाट करून घ्यायला, न्यायचंच. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हेड घासणारे मला ठाऊक आहेत. हाताने कडा गोल होतात आणि मधला खड्डा तसाच राहतो. जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही इंजिनकामाचा चांगला लेथवाला गाठा. फेसिंगबरोबर प्रेशर टेस्टही करून घ्या, कारण तापलेल्या हेडला व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये केसासारखी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि नवीन पॅकिंगने भरतही नाही. म्हणून मी म्हणतो, उतरवणं-चढवणं घरी, पण हेडने एक फेरी लेथवर मारलीच पाहिजे.

चढवताना बहुतेक जण एक जागा विसरतात, ती म्हणजे ब्लॉकमधली बोल्टची भोकं. त्यातली काही खालून बंद असतात. आत पाणी किंवा ऑइल साचलं असेल आणि तुम्ही वरून बोल्ट आवळला, तर त्या द्रवाला जायला जागा नसते, ब्लॉक तडकतो. भोकं चिंधीने आणि हवेने कोरडी करा. पॅकिंग कोरडंच बसवा, पुस्तकात सांगितलं नसेल तर सिलंट लावू नका. त्यावरची वरच्या बाजूची खूण बघा. आवळताना मध्यापासून बाहेर जा, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना). आकडा सर्व्हिस मॅन्युअलचाच घ्या. ट्रॅक्टरच्या अंदाजाने आवळाल तर बोल्ट ताणला जाईल. शेवटी टॅपेट सेट करून घ्या, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवून घ्या.

पावडरीचं म्हणाल तर जुने ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकायचे, बाजारातल्या बऱ्याच औषधांत सोडियम सिलिकेट असतं. रात्री सातपुड्यातल्या पाल गावच्या चढावर अडकलात तर घरी पोचायला ठीक. कायमचा इलाज म्हणून टाकलं, तर गळती बुजण्याआधी रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो, तेव्हा त्या नळ्या मोकळ्याच हव्यात.

आणि बोअरचं पाणी भरणं बंद करा. ज्या पाण्याने तुमच्या केळीच्या ड्रिपचे ड्रिपर पांढरे होऊन बंद पडतात, तेच पाणी हेडच्या वाटांमध्ये थर धरतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा, हीटर असेल तर तो चालू ठेवून हवा काढा.

प्रश्न : हेड पॅकिंग नवीन टाकलं, फेसिंग केलं. पंधरा दिवसांत काटा पुन्हा चढला. मिस्त्रीने उन्हाळा म्हणून थर्मोस्टॅटही काढून टाकला आहे. आता काय?
– एक वाचक, शहादा

उत्तर : थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) परत बसवा. तो काढल्याने दोष बरा होत नाही, फक्त हिवाळ्यात इंजिन गार राहून पेट्रोल जास्त जातं. पॅकिंग हे इंजिन तापल्याचा बळी असतं, तापण्याचं कारण अजून गाडीतच आहे. उभ्या गाडीत इंजिन तापू द्या आणि रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो का ते बघा. नाही झाला तर पंख्याला थेट बारा व्होल्ट देऊन बघा. फिरला तर स्विच, रिले किंवा वायरिंग, नाही फिरला तर मोटर. पंखा ठीक असेल तर रेडिएटरच्या झाकणाचं रबर आणि स्प्रिंग तपासा. झाकणाने दाब धरला नाही की पाणी लवकर उकळतं. नवीन झाकण स्वस्त आहे, तपासत बसण्यापेक्षा बदलूनच टाका. एवढं करूनही तापली, तर रेडिएटर उतरवून आतून साफ करून घ्या. हेड पुन्हा खोलायचं ते त्यानंतरच.