शाळा उघडायच्या तोंडावरचं वादळ

प्रिय,

वादळाच्या तयारीची तुझी यादी वाचली. बॅटऱ्या, मेणबत्त्या, पाणी, कोरडा खाऊ, सगळं आहे. नाही ते एकच: शाळा अचानक दीड तास आधी सुटली, तर मुलांना आणायला कोण जाणार? घोळ होतो तो इथे. तुम्हा दोघांपैकी प्रत्येकाला वाटतं दुसरा निघाला असेल, आणि नेमके तेव्हाच फोन लागत नाहीत. मेणबत्त्या तर यादीतून काढूनच टाक. अंधारात, वाऱ्यात, घरात मुलं असताना त्यांनी आग लागते. बॅटरीवरचा कंदील घे.

आजच ठरवा, पहिला माणूस कोण आणि तो अडकला तर दुसरा कोण. हा दुसरा शाळेपासून चालत येण्याच्या अंतरावर राहणारा हवा, कारण रस्ते तुंबले की गाडी असून नसल्यासारखी. त्याचं नाव शाळेच्या फॉर्मवर आहे ना, तेही बघ. नसेल तर सख्खा काका गेला तरी शाळा मूल सोडणार नाही, आणि सोडूही नये. मागच्या वर्षीचा फॉर्म यंदा चालतोच असं धरून चालू नकोस, कार्यालयात विचार.

दोघंही पोचू शकले नाहीत तर? मुलांनी शाळेतच थांबायचं. मैत्रिणीच्या गाडीतून नाही, शेजारच्या दादाबरोबर नाही. हे मुलांना आधी सांगून ठेव, आणि स्वतःलाही बजाव. ऐन वादळात रस्त्यापेक्षा पक्की इमारत बरी. वाहतं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटू शकतो, ३० सेंटीमीटरमध्ये लहान गाडी तरंगायला लागते आणि ६० मध्ये मोठ्या गाड्याही वाहून जातात. शिवाय पाण्याखाली रस्ता उरलाय की उघडं गटार आहे, ते दिसत नाही. चक्रीवादळात वारा एकदम पडला, ऊन आलं, तरी लगेच बाहेर पडायचं नाही. तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, असू शकतो. तो सरकला की वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो. वादळ ओसरल्याची अधिकृत सूचना येईपर्यंत थांबायचं.

आता दप्तरातलं कार्ड. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मुलाचं नाव, तुम्हा दोघांचे नंबर, दुसऱ्या माणसाचा नंबर, औषध किंवा ॲलर्जी असेल तर ती, आणि परगावच्या एका नातेवाइकाचा नंबर. परगावचा अशासाठी, की वादळात गावातल्या गावात फोन लागत नाहीत तेव्हा बाहेरचा कधी कधी लागतो. मग सगळ्यांनी आपला ठावठिकाणा त्याच्याकडेच कळवायचा. कॉल लागत नसेल तर एसएमएस पाठवायचा, तो उशिरा का होईना पोचतो. कार्ड पेन्सिलीने लिही, शाई फुटते. दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक टेप लाव आणि ती कागदाच्या कडेबाहेर अर्धा सेंटीमीटर राहू दे. टेप कडेला बरोबर कापली तर पाणी तिथूनच आत शिरतं. कार्ड दप्तराच्या आत ठेव. बाहेर लावलं तर मुलाचं नाव कुणीही वाचू शकतं. धाकट्याकडून एक नंबर चालीवर पाठ करून घे. एकच, दोन सांगितले की त्यांची सरमिसळ होते.

छत्री घरीच राहू दे. जोराच्या वाऱ्यात ती उलटते आणि मूल तिच्यामागे रस्त्यावर धावतं. भडक रंगाचा रेनकोट घ्या. दप्तरावरचं कव्हर पाठीकडून उघडंच असतं, म्हणून पुस्तकं आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड दोनदा दुमड.

वीज चमकली की गडगडाटापर्यंतचे सेकंद मुलांना मोजायला लाव. तीनने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. ३० सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत आहे: सगळे घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर नाही. तेवढा वेळ अंघोळ आणि भांडी घासणंही बंद, कारण पाइपातून वीज येऊ शकते. आकडेमोडीत गुंतलेलं मूल घाबरतंही कमी.

पिण्याच्या पाण्याचा हिशेब माणशी रोज ४ लिटर, तीन दिवसांचा. चौघांना ४८ लिटर. लोक बादल्या भरतात आणि झाकायला विसरतात. वीज गेली की वेळ फ्रिजच्या दारावर लिही. दार उघडलं नाही तर खालचा कप्पा चारेक तास थंड राहतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेव, पण काठोकाठ भरू नकोस, फुटतील. वीज परत यायच्या आधी फ्रिज आणि टीव्हीचे प्लग काढ, येताना दाब उसळतो. आल्याचं कळायला एक दिवा चालू ठेवला की पुरे.

एवढं करूनही पुस्तकं भिजलीच, तर गुळगुळीत पानं ओढून सोडवू नकोस, छपाईसकट फाटतात. पुस्तक उभं करून पंख्यासारखं उघड, थोड्या थोड्या पानांनंतर टिपकागद घाल, ओला झाला की बदल. पंखा चालेल, कडक ऊन नको, पानं वाकडी होतात. बुरशी ४८ तासांत धरू शकते. एकदम खूप पुस्तकं भिजली असतील आणि वीज असेल, तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाक. सवड मिळेल तशी एकेक काढून वाळव.

कार्ड झालं की त्याचा फोटो पाठव. परगावचा नंबर माझा टाकलास तरी चालेल.