सिव्हिलायझेशन ६ (संगणकावरचा खेळ): शेजारी सारखा चढाई करतो, लष्करी युती कधी करावी?

युद्ध पेटायच्या आधीच. लढाई सुरू झाल्यावर मित्र शोधत बसलात तर उशीर झालेला असतो.

समोरचा नेता भेटला त्याच टर्नला २५ सोनं देऊन शिष्टमंडळ पाठवा. पुढे संबंध जुळले की मैत्री जाहीर करा. सिव्हिल सर्व्हिस हे सिव्हिक (खेळातल्या सांस्कृतिक प्रगतीचा टप्पा) झाल्यावर मित्राशी युती करता येते. 'राइज अँड फॉल' या विस्तारात (खेळाच्या जादा भागात) युतीचे पाच प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकारची एका वेळी एकच करता येते, त्यामुळे लष्करी युती कुणाशीही उरकून टाकू नका. माझ्या मते तुमच्या त्रासदायक शेजाऱ्याच्या पलीकडचा देश सर्वांत उत्तम. तुम्ही दोघे एकाच शत्रूशी लढत असाल तर तुमच्या सैन्याला त्याच्याविरुद्ध ५ जादा लढाऊ बळ मिळतं, आणि त्यालाही दोन्ही सरहद्दी सांभाळाव्या लागतात.

तुल्यबळ सैन्यं समोरासमोर आली की हे ५ गुण फार जाणवतात. पण मित्राची फौज तुमची शहरं राखायला येईल या भरवशावर राहू नका. संगणकाचे खेळाडू बऱ्याचदा युद्ध जाहीर करून आपल्याच हद्दीत घुटमळतात, म्हणून तटबंदी आधी बांधाच.