बुटांतले खडे आणि ताईचा पासवर्ड

पत्राचा सारांश : माझा 14 वर्षांचा मुलगा गेले वर्षभर हॅकर मुलांच्या कादंबऱ्यांखेरीज काहीही वाचत नाही. मध्यंतरी त्याच्या बुटांत मूठभर खडे सापडले आणि विचारल्यावर तो नुसताच हसला. गेल्या आठवड्यात त्याने मोठ्या बहिणीचा ईमेल उघडला आणि तिच्या लॅपटॉपवर चिठ्ठी डकवली : ‘ताई, पासवर्ड बदल. तिसऱ्या प्रयत्नात उघडला.’ मुलगी संतापली, रडलीही. मी ‘लिटल ब्रदर’सह त्याची सगळी पुस्तके कपाटात कुलूपबंद केली आहेत. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. या पुस्तकांनीच त्याला बिघडवले का? — एक आई

सस्नेह नमस्कार.

आधी खड्यांचे कोडे सोडवते, कारण ते सोपे आहे. कोरी डॉक्टरो यांच्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लिटल ब्रदर’चा नायक मार्कस 17 वर्षांचा आहे आणि त्याच्या शाळेतले कॅमेरे मुलांना चालण्याच्या ढबीवरून ओळखतात. त्यांना चकवण्यासाठी तो बुटांत खडे घालतो. तुमच्या चिरंजीवांनी तो प्रयोग करून पाहिला, एवढेच. वाचलेले करून पाहण्याची खोड वाईट नाही.

चिठ्ठीचे प्रकरण मात्र वेगळे आहे. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात मुलगा, पुस्तके, कुलूप आणि अबोला यांविषयी पुष्कळ आहे; मुलीच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे. अन्याय झाला आहे तो तिच्यावर. तिच्या पत्रपेटीत काय होते, त्याने काय वाचले आणि काय वाचले नाही, हे तिला माहीत नाही, आणि ही टोचणी पासवर्ड बदलल्याने जात नाही. म्हणून मुलाशी बोलण्याआधी तिच्याशी बोला. ‘तो लहान आहे, गंमत केली’ असे चुकूनही म्हणू नका.

आता पुस्तकांविषयी. ‘लिटल ब्रदर’मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरावर दहशतवादी हल्ला होतो, सुरक्षेच्या नावाखाली सरकार सामान्य माणसांच्या हालचालींवर आणि व्यवहारांवर पाळत ठेवू लागते आणि मार्कस त्याविरुद्ध उभा राहतो. त्यात एक हिशेब आहे, तो मला फार आवडतो : दहा लाखांत एकालाच असलेला आजार शोधणारी चाचणी 99 टक्के अचूक असली, तरी ती दहा लाख माणसांपैकी जवळजवळ दहा हजार निरोगी माणसांवर आजाराचा शिक्का मारील. सरसकट संशय का फसतो, हे चौदा वर्षांच्या मुलाला याहून नेटके कसे सांगणार? थोडक्यात, ही कादंबरी खासगीपणाच्या बाजूने लिहिलेली आहे, आणि ती डोक्यावर घेणाऱ्या तुमच्या मुलाने बहिणीच्या बाबतीत नेमकी पाळत ठेवणाऱ्यांची जागा घेतली. पुस्तकाने त्याला बिघडवले नाही. त्याने ते अर्धेच वाचले, असे मी म्हणेन.

या प्रकारच्या कादंबऱ्यांत एक उणीव मात्र खरोखरच असते. समोर जुलमी सत्ता किंवा लबाड कंपनी असल्यामुळे नायकाने कुलूप उघडले की वाचकाला आनंदच होतो आणि परवानगीचा प्रश्न बहुधा निघतच नाही. तो प्रश्न प्रत्यक्षात कसा निघतो, हे मुलाला रॉबर्ट मॉरिसच्या उदाहरणावरून सांगा. 1988 साली या अमेरिकन विद्यार्थ्याने इंटरनेटवर आपोआप पसरणारा एक प्रोग्राम सोडला. तो त्याच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने पसरला आणि हजारो संगणक ठप्प झाले. नुकसान करण्याचा हेतू नव्हता, हा त्याचा बचाव टिकला नाही. 1991 साली अपील न्यायालयाने स्पष्ट केले की परवानगीविना शिरण्याचा हेतू पुरेसा आहे, नुकसानीचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही. त्याला तीन वर्षांची परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा), 400 तास समाजसेवा आणि 10,050 डॉलर दंड झाला. पुढे तो अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाला, हेही सांगायला विसरू नका. गोष्ट अर्धी सांगण्याची चूक आपणही करू नये.

तेव्हा कुलूप काढा, पण ‘लिटल ब्रदर’ परत देण्यापूर्वी स्वतः वाचा. लेखकाने ती आपल्या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध करून दिलेली आहे, त्यामुळे कपाट न उघडताही सुरुवात करता येईल. मग त्याला एकच विचारा : ‘या घरात परवा जे घडले, त्यात मार्कस कोण होता?’ उत्तराची घाई करू नका. माफी त्याने बहिणीची मागायची आहे, तुमची नव्हे. आणि तिची हरकत नसेल, तरच तिच्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज दुसरा पुरावाही मागणारी सोय) लावून द्यायची, तीही तिच्यासमोर बसून आणि पासवर्ड टाइप करताना मान वळवून.

हाताची खाज कायदेशीर मार्गानेही भागते. कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘पिकोसीटीएफ’ ही संगणक-सुरक्षेची मोफत स्पर्धा शाळकरी मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच बेतलेली आहे. तिथली कुलुपे फोडण्यासाठीच लावलेली असतात. कादंबरीत एका पानात उघडणारे दार तिथे दोन-दोन दिवस उघडत नाही, आणि तो कंटाळा त्याला सोसतो का, हे तुम्हालाही कळेल.

बुटांतले खडे मात्र काढायला लावा. मार्कसला फोड आले की नाही कोण जाणे, तुमच्या मुलाला नक्की येतील.