‘होमिंग’साठी ‘स्वगृहगामी’ हा शब्द कितपत योग्य?

जीवाणुभक्षी विषाणूंच्या संदर्भात येणाऱ्या ‘मोबाइल इंट्रॉन’ आणि ‘होमिंग एंडोन्यूक्लिएज’ या संज्ञांसाठी ‘फिरता इंट्रॉन’ आणि ‘स्वगृहगामी एंडोन्यूक्लिएज’ हे प्रतिशब्द चालतील का, असा प्रश्न आहे. (इंट्रॉन म्हणजे जनुकाच्या मध्येच असलेला, आरएनएतून कापून काढला जाणारा तुकडा; एंडोन्यूक्लिएज म्हणजे डीएनएची साखळी मधूनच कापणारे विकर, म्हणजे एन्झाइम.) व्याकरणदृष्ट्या दोन्ही निर्दोष आहेत, परंतु दुसरा शब्द वाचकाला उलट्या दिशेने नेतो असे मला वाटते.

ई. कोलाय या जीवाणूवर वाढणाऱ्या टी-४ विषाणूच्या ‘टीडी’ जनुकात 1984 साली इंट्रॉन सापडला. हा इंट्रॉन आरएनएच्या पातळीवर स्वतःच कापला जाऊन बाहेर पडतो, त्यामुळे जनुकाचे काम अडत नाही. आणि त्याच्याच पोटात ‘आय-टेव्ह-१’ या एंडोन्यूक्लिएजचे जनुक असते. (नावातला ‘आय’ इंट्रॉनचा, ‘टेव्ह’ हा टी-ईव्हन, म्हणजे सम क्रमांकाच्या टी विषाणूंचा.) एकाच जीवाणूत इंट्रॉन असलेला आणि नसलेला असे दोन विषाणू शिरले, की हे विकर इंट्रॉनविरहित जनुकातील सुमारे 37 बेसजोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील दुव्यांचा) पट्टा ओळखते आणि इंट्रॉन जिथे बसायचा त्या जागेपासून 23 ते 25 बेस अलीकडे डीएनए कापते, मग तुटलेला डीएनए सांधताना इंट्रॉन असलेली प्रत नमुना म्हणून वापरली जाते आणि इंट्रॉन तिथेही उतरतो.

म्हणजे येथे कोणी घरी परतत नाही. मूळ इंट्रॉन जागचा हलत नाही, नवी प्रत परक्या जनुकसंचात तयार होते, आणि विकर छेद घेते तो इंट्रॉन अद्याप न पोचलेल्या ठिकाणी. ‘स्वगृह’ आणि ‘गामी’ हे दोन्ही घटक त्यामुळे फसवे ठरतात. ‘होमिंग’मध्ये अभिप्रेत आहे ती ठरावीक जागा हुडकण्याची अचूकता. ‘लक्ष्यवेधी’ सुचतो खरा, पण विधिमंडळातल्या लक्षवेधी सूचनांमुळे ‘लक्षवेधी’ आपल्या कानात भलताच बसला आहे. शासन निर्णयांतून परिचित झालेल्या ‘पूर्वलक्ष्यी’च्या धर्तीवर ‘स्थानलक्ष्यी एंडोन्यूक्लिएज’ म्हणावे, असे मी सुचवेन.

‘फिरता’ मात्र सोडावा, कारण फिरता दवाखाना एका गावातून निघाल्यावरच दुसऱ्या गावी पोचतो. ‘चल इंट्रॉन’ अधिक बरा, कारण तो केवळ क्षमता सांगतो, आणि हे विशेषण अनावश्यकही नाही: टी-४ मधील तीन इंट्रॉनांपैकी ‘टीडी’ आणि ‘एनआरडी-डी’ या जनुकांतील दोनच चल आहेत, ‘एनआरडी-बी’मधील इंट्रॉन आरएनएतून व्यवस्थित बाहेर पडतो, पण त्यातील एंडोन्यूक्लिएजचे जनुक खंडित झाल्याने त्याचा प्रसार थांबला आहे. उलट, त्याच विषाणूतील ‘सेग’ गटाची एंडोन्यूक्लिएजे कोणत्याही इंट्रॉनच्या आश्रयाने राहत नाहीत, म्हणून ‘चल इंट्रॉन’ आणि ‘स्थानलक्ष्यी एंडोन्यूक्लिएज’ या दोन संज्ञा एकमेकींऐवजी वापरू नयेत.