बोईंग-एअरबसचे साहेब सारखे भारतात का येतात? आपल्या हाताला काही लागतं का?

तुम्ही विचारलंय की परदेशी विमान उद्योगातले बडे लोक हल्ली सारखे दिल्लीला येतात, घोषणा करतात, फोटो काढतात. आशियात प्रवासी वाढले म्हणून ही नुसती विक्रीची धावपळ आहे, की आपलंही काही भलं होतं?

मी विमान उडवत नाही आणि विकतही नाही. नाशिकच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. आम्ही ॲल्युमिनियमचे छोटे ब्रॅकेट आणि फिटिंग बनवतो. आमचा माल दुसऱ्या एका मोठ्या पुरवठादारामार्फत युरोपात जातो. त्यामुळे हे उत्तर उद्योगाच्या तळाशी बसून दिलेलं आहे, हे धरून वाचा.

विक्रीची धावपळ म्हणावी तर हिशेब जुळत नाही. २०२४ अखेर एअरबसकडे ८,६०० हून जास्त विमानांच्या ऑर्डरी शिल्लक होत्या आणि त्या अख्ख्या वर्षात त्यांनी दिली ७६६. नवं गिऱ्हाईक आलंच नाही तरी अकराएक वर्षांचं काम हातात आहे. इंडिगोनं जून २०२३ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात एका दमात एअरबसची ५०० विमानं मागवली. ती मिळायची २०३० ते २०३५ या काळात. इतकी रांग लागलेल्या माणसाला दारोदार फिरायची काय गरज? त्याचं घोडं अडलंय ते विमानं वेळेवर तयार करण्यात. इंजिनं वेळेवर येत नाहीत, सीटा येत नाहीत, कास्टिंग-फोर्जिंगची, म्हणजे धातू ओतून आणि ठोकून घडवलेल्या भागांची, बोंब आहे. कोविडच्या काळात युरोप-अमेरिकेतले जुने जाणते कामगार घरी गेले, त्यातले बरेच परतलेच नाहीत. म्हणून माझं मत असं की ही मंडळी इथे विकायला येतात त्याहून जास्त माल घ्यायला येतात. एअरबसनं भारतातली वर्षाची खरेदी २०३० पर्यंत २ अब्ज डॉलरवर न्यायचं जाहीर केलंय, ते काही आपल्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे.

ऑर्डरीच्या जोरावर आपल्याला काय मिळालं, हा भाग मात्र फारसा सुखाचा नाही. १४ फेब्रुवारी २०२३ ला एअर इंडियानं ४७० विमानांची घोषणा केली, २५० एअरबस आणि २२० बोईंग. त्याच दिवशी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी निवेदन काढलं की यातून अमेरिकेच्या ४४ राज्यांत दहा लाखांवर नोकऱ्यांना आधार मिळेल. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनीही आनंद व्यक्त केला, कारण पंख तिकडे बनतात आणि ए३५० ची इंजिनं रोल्स-रॉइसची. पैसे मोजणारे आपण आणि पेढे वाटणारे ते.

चीननं हे वेगळ्या पद्धतीनं केलं. तिथे मोठ्या विमान कंपन्या सरकारी, खरेदीची दोरीही सरकारच्या हातात. त्यामुळे २००८ मध्येच एअरबसला तियानजिनला जोडणीचा कारखाना उघडावा लागला. जुलै २०२२ मध्ये चार चिनी कंपन्यांनी एकाच दिवशी मिळून २९२ एअरबस घेतल्या. आपल्याकडे इंडिगो, एअर इंडिया, अकासा आपापला सौदा वेगवेगळा करतात आणि त्यात त्यांना दर आणि तारीख हवी असते. कारखाना मागून त्यांना काय मिळणार? त्यांना दोषही देता येत नाही, इंधन आणि डॉलर मिळून त्यांचं कंबरडं आधीच मोडतं.

आता आपल्याकडचंच बघा. गिऱ्हाईक सरकार असतं तिथे अट घातली गेलीय. २००५-०६ मध्ये सरकारी एअर इंडियानं बोईंगकडून ६८ विमानं घेतली, तेव्हा ठरल्याप्रमाणे बोईंगनं नागपूरच्या मिहानमध्ये देखभाल-दुरुस्तीचं केंद्र बांधून दिलं. ते सुरू व्हायला २०१५ उजाडलं, हा आपला नेहमीचा वेग. हवाई दलाला एअरबसची ५६ सी-२९५ मालवाहू विमानं हवी होती, त्यातली १६ स्पेनहून तयार आणि ४० वडोदऱ्यात टाटांकडे बनवायची असं ठरलं. तो कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरूही झाला. बोईंग-एअरबसच्या प्रवासी विमानाची जोडणी मात्र अजून आपल्याकडे आलेली नाही.

चीनच्या बाबतीत दुसरी बाजूही आहे. एप्रिल २०२५ मध्ये आयात कराच्या भांडणात चीनमधल्या झौशानच्या बोईंग केंद्रात चिनी गिऱ्हाइकांसाठी तयार ठेवलेली बोईंगची विमानं उलट्या पावली अमेरिकेला परत गेली. त्यातच चीनचं स्वतःचं सी९१९ हे विमान मे २०२३ पासून प्रवासी नेतंय. म्हणून या साहेबांना आशियात दुसरा आधार हवाय. हा आपला हुकमी पत्ता आहे, पण तो खेळायला हातात काम हवं.

हातातलं काम म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा ऑडिटर आला की मशीनकडे ढुंकूनही बघत नाही. ट्रेमधून तळहाताएवढा एक ब्रॅकेट उचलतो आणि म्हणतो, याचे कागद दाखवा. मग कच्च्या मालाचा हीट नंबर (धातू कुठल्या वितळणीतला ते सांगणारा), मिलचं सर्टिफिकेट, कुठल्या पाट्यातून कापला, कुठल्या ऑपरेटरनं कुठल्या मशीनवर केला, कुणाचा शिक्का. एक दुवा तुटला की अख्खी बॅच बाजूला. हे आपली पोरं झकास करतात, तिथे आपण कमी नाही. पण तो ॲल्युमिनियमचा पाटा बाहेरच्या देशातून आलेला असतो, ड्रॉइंग त्यांचं असतं आणि ॲनोडायझिंगसाठी (गंजू नये म्हणून टाकीत बुडवून वर थर चढवायला) माल ट्रकनं थेट बंगळुरूला जातो, कारण गिऱ्हाइकाची मान्यता असलेली टाकी आमच्याकडे नाही. परत आला की पुन्हा तपासणी, पुन्हा पॅकिंग. आमच्या वाट्याला उरते ती मशीनिंगची मजुरी. 'मेक इन इंडिया'च्या बातमीत हा ट्रक दिसत नाही.

भरवशाचंही थोडं. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली आणि भाड्यानं विमानं देणाऱ्या परदेशी कंपन्यांना आपलीच विमानं सोडवायला वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. असा अनुभव पुढच्या भाड्यात वसूल होतो. २०२५ मध्ये संसदेनं त्यासाठी वेगळा कायदा केला, हे चांगलं झालं.

जून २०२५ मध्ये जगभरच्या विमान कंपन्यांची संघटना आयाटा हिची वार्षिक सभा दिल्लीत भरली, १९८३ नंतर पहिल्यांदा. १९५८ मध्येही ती दिल्लीतच झाली होती आणि त्या वर्षी अध्यक्षपदी आपले जेआरडी टाटा होते. तेव्हा आपल्याकडे विमानं मोजकीच होती, पण या उद्योगाचं नेतृत्व करणारा माणूस आपला होता.

तुम्हाला पारख करायचीच असेल तर विमानांचा आकडा सोडा आणि इंजिनाच्या बातम्या वाचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबादला फ्रान्सच्या साफ्रान कंपनीच्या लीप इंजिनाच्या (नव्या ए३२० आणि ७३७ विमानांना लागणाऱ्या) ओव्हरहॉल केंद्राचं उद्घाटन झालं. अशी इंजिनं आजवर मोठ्या दुरुस्तीसाठी परदेशी जायची आणि बिल डॉलरमध्ये यायचं. माझ्या लेखी हे एक केंद्र त्या ५०० विमानांच्या घोषणेपेक्षा मोठं आहे. असंच काही फोर्जिंग आणि हीट ट्रीटमेंटमध्ये झालं की मला टॅग करा, उत्तर बदलून लिहीन.