वय निघून गेले, आता पीएच.डी. कशी?

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, मला छत्तीस पूर्ण झाली. तिशीनंतर पीएच.डी.ला घेत नाहीत ना?" एम.ए. अर्थशास्त्र करून नऊ वर्षे एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या बाईंनी बसताच विचारले. हा गैरसमज मी पुष्कळांच्या बोलण्यात ऐकला आहे. तीस वर्षांची अट असते ती जेआरएफला, म्हणजे संशोधनासाठी मिळणाऱ्या छात्रवृत्तीला, आणि तीही महिलांसाठी पाच वर्षांनी शिथिल होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत पीएच.डी. प्रवेशासाठी कमाल वयाची अट नाही. जेआरएफ त्यांना मिळणार नव्हती, हे मी स्पष्ट सांगितले. मात्र प्रवेश शक्य होता आणि संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणल्यास नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधनही करता येणार होते.

नियम समजले की काळजी मिटेल, असे मी धरून चालले होते. ती माझी घाई होती. दुसऱ्या भेटीत त्या खाली पाहत म्हणाल्या, "मुलाखतीत या नऊ वर्षांचं काय सांगू? सगळा अभ्यास तुटलाय." खरी भीती ही होती, आणि ती निराधार नव्हती, कारण नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर प्रवेश घेताना लेखी गुणांना ७० टक्के भार असला तरी उरलेले ३० टक्के मुलाखतीवर ठरतात.

त्यांनी आणलेल्या संशोधन आराखड्याचा विषय होता ग्रामीण महिलांचे आर्थिक सक्षमीकरण. एवढ्या विस्तृत विषयात त्यांची नऊ वर्षे कुठेच दिसत नव्हती. मी आराखडा बाजूला ठेवला आणि कर्जाच्या टेबलावर बसून कोणती गोष्ट त्यांना आजवर उलगडली नाही, एवढेच विचारले. बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, की पहिले कर्ज वेळेवर फेडणाऱ्या कितीतरी बचतगटांतल्या बायका दुसरे कर्ज मागायला येतच नाहीत, आणि याचे कारण संस्थेत कोणी विचारत नाही. मला वाटते, संशोधनाचा प्रश्न असाच असावा: लहान, पडताळता येणारा आणि विचारणाऱ्याला खरोखर छळणारा.

पुढचे तीन महिने त्यांनी याच प्रश्नाभोवतीचे वाचन केले. मार्गदर्शक निवडताना नावाची कीर्ती पाहण्याऐवजी त्यांनी प्रत्येकाचे अलीकडचे लेख वाचले आणि जागा रिकामी आहे का हे विचारून घेतले. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात, त्यामुळे चांगला आराखडा असूनही नकार येऊ शकतो, याची कल्पना आधीच असलेली बरी.

मुलाखतीत नऊ वर्षांबद्दल विचारले गेलेच. त्यांनी कर्जाच्या टेबलावरून उत्तराला सुरुवात केली, आणि समितीचे पुढचे सगळे प्रश्न त्या न परतलेल्या बायकांविषयी होते.